कोंबडी कां बसून राहिली?



परसांत चारसहा कोंबड्या बाळगणारें घर केवळ खेड्यांतच असतें असें नाहीं. चंद्रपूर, बल्लारपूर, ब्रह्मपुरी, गडचिरोली या गांवांतूनहि अंड्यांसाठीं, मुलांच्या हौसेसाठीं, अथवा उरलेलें अन्न वायां जाऊं नये म्हणून सुशिक्षित कुटुंबें दोनचार कोंबड्या पाळतात. अशा घरांत एखादे दिवशीं सकाळीं एक कोंबडी खुराड्यांतून बाहेर येत नाहीं. किंवा येते ती पिसें फुगवून, डोळे मिटून भिंतीच्या कडेला बसून राहते. मग घरांत चर्चा सुरू होते. कोणी म्हणतो थंडी बाधली, कोणी म्हणतो दृष्ट लागली. कोणी लसूण सुचवितो, कोणी हळद. आणि एखादा व्यवहारी गृहस्थ हळूच म्हणतो कीं, मरण्याच्या आंत कापलेली बरी. या साऱ्या सूचनांत एक गोष्ट समान असते. कोंबडी हातांत घेऊन तिला काय झालें आहे हें कोणीहि पाहिलेलें नसतें.

आज मला बोलावयाचें आहे तें या पाहण्याविषयीं. मी पशुवैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, या जंगलपट्टींतील शाळांतून आयुष्य घालविलेला एक निवृत्त मास्तर आहें. परंतु गणिताचें उदाहरण सोडवितांना मुलांना जी रीत शिकवावी लागते, कीं आधीं दिलें काय आहे तें पाहा, मग काढावयाचें काय आहे तें पाहा, आणि मधली पायरी गाळूं नका, तीच रीत आजारी कोंबडीपाशींहि उपयोगी पडते. औषध कोणतें द्यावें हें सांगणें पशुवैद्याचें काम. पण पशुवैद्यापुढें हकीकत कोण मांडणार? ती आपणच मांडावयाची असते, आणि हकीकत जेवढी नेमकी, तेवढा त्याचा निर्णय नेमका.

एवढ्याशा पक्ष्यासाठीं हा खटाटोप कशाला, असें शहरांतील श्रोत्यांना वाटणें स्वाभाविक आहे. परंतु वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, आरमोरी-कुरखेड्यापासून थेट एटापल्ली-भामरागडपर्यंत, कोंबडी ही घरांतील बाईची गांठीची पुंजी असते. धानाचा पैसा वर्षांतून एकदां येतो. मोहफुलांचा आणि तेंदूपानांचा उन्हाळ्यांत. मधल्या काळांत मुलाची वही, दवाखान्याची वाटखर्ची, पाहुण्यांचें जेवण, देवाचा नवस, या साऱ्यांची तोंडमिळवणी बहुधा कोंबडीवर होते. धान पुरुष विकतो. कोंबडी बाई विकते, आणि तो पैसा तिच्या हातीं राहतो. गांवांत कोंबड्यांची सांथ आली म्हणजे ही पुंजी आठवड्याच्या आंत नाहींशी होते. शहरांतील आपल्या चार कोंबड्या आणि खेड्यांतील तिच्या वीस कोंबड्या यांना रोग एकच, आणि तो एकाच बाजारांतून दोघांच्याहि घरीं येतो.

आजारी कोंबडीकडे नीट पाहिल्यानें काय साधतें याचें एक विख्यात उदाहरण आहे, आणि तें आपल्यासारख्याच भात खाणाऱ्या मुलखांतलें आहे. जावा बेटावरील बटाव्हिया शहरीं, म्हणजे हल्लींच्या जकार्त्यांत, ख्रिस्तियान आइकमन नांवाचे डच डॉक्टर बेरीबेरी या रोगाचें कारण शोधीत होते. या रोगानें माणसाचे पाय लुळे पडत, हृदय दुबळें होई. सैनिक आणि कैदी त्याला विशेष बळी पडत. तो कसल्यातरी जंतूनें होत असावा अशी समजूत होती. १८८९ च्या सुमारास प्रयोगशाळेच्या आवारांतील कोंबड्याच लटपटूं लागल्या. त्यांना उभें राहवेना, चालतांना त्या कोलमडूं लागल्या. आइकमन जंतु शोधीत राहिले. जंतु कांहीं सांपडला नाहीं. आणि कांहीं महिन्यांनीं कोंबड्या आपोआप बऱ्या झाल्या.

सामान्य मनुष्यानें येथें ‘बरें झालें, सुटलों’ असें म्हटलें असतें. आइकमन यांनीं विचारलें कीं, या अवधींत बदललें काय? तेव्हां कळलें कीं, मधले कांहीं महिने कोंबड्यांना लष्करी इस्पितळाच्या स्वयंपाकघरांतील उरलेला पांढरा, सडीक तांदुळाचा भात घालण्यांत येत होता. पुढें स्वयंपाकी बदलला, आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देण्याचें नव्या स्वयंपाक्यानें साफ नाकारलें. कोंबड्या पुन्हां कोंड्याच्या तांदुळावर आल्या आणि सुधारल्या. मग आइकमन यांनीं मुद्दाम कांहीं कोंबड्यांना सडीक आणि कांहींना कोंड्यासकट तांदूळ घालून पाहिला. सडीक तांदुळावरील कोंबड्या लुळ्या पडल्या, कोंड्यावरील धडधाकट राहिल्या. तरीहि त्यांना प्रथम वाटलें कीं, पांढऱ्या तांदुळांत कांहीं विष असून कोंडा हा त्याचा उतारा आहे. त्यांचे सहकारी ग्राइन्स यांनीं १९०१ मध्यें दाखविलें कीं, यांत विष कोठेंच नाहीं, उणीव आहे. तांदूळ सडतांना एक आवश्यक द्रव्य निघून जातें. त्यालाच आज आपण ब-१ जीवनसत्त्व म्हणतों. १९२९ सालच्या नोबेल पारितोषिकांत आइकमन यांना वांटा मिळाला, त्याच्या मुळाशीं आवारांतील या लंगड्या कोंबड्या होत्या.

या हकीकतींतून आपण दोन गोष्टी घ्याव्या. पहिली, दुखणें दिसलें कीं ‘काय बदललें?’ असें विचारावें. दुसरी, उपाय लागू पडला म्हणजे कारण कळलेंच असें समजूं नये. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला किडेमुंग्या, हिरवा पाला, धान्याचा कोंडा सर्व मिळतें. तिला बेरीबेरीसारखें दुखणें सहसा होत नाहीं. परंतु शहरांतील जी कोंबडी दिवसभर जाळींत कोंडलेली असते आणि जिच्यापुढें केवळ उरलेला पांढरा भात पडतो, तिचे पाय लटपटूं लागले तर खाद्याकडे प्रथम पाहिलें पाहिजे.

आतां रीत सांगतों. पहिला प्रश्न असा कीं, कोंबडी खरोखर आजारी आहे काय? तीन अवस्था अशा आहेत कीं, त्या आजारासारख्या दिसतात पण आजार नव्हेत. कोंबडी खुडूक बसली म्हणजे ती दिवस दिवस घरट्यांत बसते, पिसें फुलविते, खाणें कमी करते, तिचा तुरा फिका पडतो. पण तिचे डोळे टवटवीत असतात, आणि हात पुढें करतांच ती गुरगुरून चोंच मारते. आजारी कोंबडी एवढा राग धरीत नाहीं. दुसरी अवस्था पिसें झडण्याची. वर्षांतून एकदां, बहुधा दिवस लहान होऊं लागले म्हणजे, जुनीं पिसें गळून नवीं येतात. त्या काळांत कोंबडी ओंगळ दिसते व अंडीं देत नाहीं. पण त्वचेंतून नव्या पिसांचे कोंब निघालेले दिसतात. तिसरी अवस्था उन्हाची. आपल्याकडे मे महिन्यांत पारा ४५-४६ अंशांपर्यंत चढतो. कोंबडीच्या शरीराचें स्वाभाविक तपमानच सुमारें ४१ ते ४२ अंश असतें, आणि तिला घाम येत नाहीं. चोंच उघडून धापा टाकणें आणि पंख अंगापासून दूर धरणें हाच तिचा गरमी घालविण्याचा मार्ग. सावली आणि गार पाणी मिळूनहि, सायंकाळीं वारा सुटल्यावरहि ती धापाच टाकीत असेल, तर मात्र तें ऊन नव्हे.

दुसरा प्रश्न: एकच कोंबडी बसली कीं अनेक? लहान कीं मोठ्या? आणि किती वेळांत? या प्रश्नाच्या उत्तरानेंच अर्धा निकाल लागतो. रात्रीपर्यंत चांगल्या असलेल्या पांचसहा कोंबड्या सकाळीं एकदम मेलेल्या आढळल्या, तर विषाची शंका घ्यावी. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेलें बियाणें, बांधींत टाकलेलें दाणेदार कीटकनाशक, उंदरांसाठीं ठेवलेली गोळी, यांतलें कांहीं टिपलें गेलें काय, हें शेजाऱ्यांकडे विचारावें. आज एक, उद्यां दोन, परवां चार अशी वाढती संख्या दिसली, तर सांसर्गिक रोग समजावा. केवळ तीनसहा आठवड्यांचीं पिलेंच मलूल झालीं, पावसाळ्याचे दिवस आहेत, खुराड्यांतील जमीन ओली आहे आणि विष्ठेंत रक्त दिसतें, तर ती रक्ती हगवण. कोंबड्या मरत नाहींत, पण महिना महिना वाळत जातात, अंडीं थांबतात, तर पोटांतील जंत, अंगावरील कीड किंवा खाद्यांतील उणीव. आणि बाकीच्या सर्व धडधाकट असून एकच बसली, तर दुखणें बहुधा तिच्या एकटीच्या शरीरापुरतें असतें. हा ‘बहुधा’ शब्द ध्यानांत ठेवावा. कारण सांथीचीहि सुरुवात एकीपासूनच होते.

तिसरी पायरी हातानें पाहण्याची. कोंबडी रात्रीं अंधारांत शांतपणें हातीं येते. दिवसा तिच्यामागें धांवून तिला दमवूं नये. पंख अंगाशीं दाबून ती बगलेंत धरावी आणि डोक्यापासून पायांपर्यंत क्रमानें पाहावें. क्रम मोडला कीं कांहींतरी पाहावयाचें राहून जातें. अंडें देणाऱ्या कोंबडीचा तुरा लालबुंद असतो. तो फिका असेल तर रक्त कमी झालें आहे. निळा-जांभळा असेल तर श्वासाचा किंवा रक्ताभिसरणाचा गंभीर बिघाड आहे. तुऱ्यावर व डोळ्यांभोंवतीं चामखिळीसारखे खडबडीत फोड असले तर त्या देवी. हा रोग मुख्यतः डांसांमार्फत पसरतो, म्हणून पावसाळ्यांत व नंतर अधिक. चेहरा सुजला असून नाकांतून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल तर तो सर्दीचा सांसर्गिक प्रकार. चोंच उघडून घशांत पिंवळट-पांढरे चट्टे आहेत काय तें पाहावें.

मग गळ्याशीं असलेली खाद्याची पिशवी चांचपावी. ती सायंकाळीं भरलेली आणि पहांटे रिकामी असावयास पाहिजे. पहांटेहि ती भरलेली व कठीण लागली, तर लांब गवत, सुतळी किंवा प्लास्टिकचा तुकडा अडकला असण्याचा संभव आहे. मऊ व आंबूस वासाची लागली, तर आंतलें अन्न नासलें आहे. अशा वेळीं कांहीं लोक कोंबडी उलटी धरून पिशवी दाबतात. तसें करूं नये. आंतलें पाणी श्वासनलिकेंत जाऊन ती तेथल्या तेथें मरते. त्यानंतर छातीचें मधलें हाड बोटांनीं पाहावें. दोन्ही बाजूंस मांस भरलेलें असेल तर दुखणें ताजें आहे. हाड सुरीच्या पात्यासारखें हाताला लागलें तर तें कित्येक आठवड्यांचें आहे, मग आपल्या लक्षांत तें आजच कां येईना. पिसांच्या दाट आवरणाखालीं हा फरक डोळ्यांना दिसत नाहीं, तो हातालाच कळतो.

पोट आणि गुदद्वार पाहतांना अंडें अडकलें आहे काय याचा विचार करावा. अशी कोंबडी ताठ उभी राहते, शेपूट वरखालीं करते, कुंथते, पण अंडें पडत नाहीं. तिला पोट बुडेल इतक्या कोमट पाण्यांत पंधरावीस मिनिटें धरून नंतर अंधाऱ्या, निवांत जागीं ठेवावें. पुष्कळदां एवढ्यानेंच ती मोकळी होते. न झाल्यास त्याच दिवशीं पशुवैद्याकडे न्यावें. अंडें आंतल्या आंत फोडण्याचा प्रयत्न करूं नये. पातळ कवचाचीं अंडीं वारंवार पडत असतील तर चुन्याचा अंश कमी पडतो आहे. शिंपल्यांचा चुरा खाद्याशेजारीं ठेवावा, पाहिजे तेवढा ती स्वतः टिपते. शेवटीं पाय उलटून तळवा पाहावा. तेथें काळी खपली व सूज असेल तर ती लंगडण्याचें कारण आहे.

चौथी पायरी सुशिक्षितांना किळसवाणी वाटेल, पण ती टाळतां येत नाहीं. ती म्हणजे विष्ठा पाहणें. निरोगी विष्ठा घट्ट, तपकिरी किंवा हिरवट असून तिच्यावर पांढरा थर असतो. तो पांढरा भाग म्हणजे कोंबडीचें मूत्र. अधूनमधून ती काळसर, चिकट, उग्र वासाची विष्ठा टाकते, तीहि स्वाभाविकच. गडद हिरवी पाण्यासारखी हगवण, रक्त, किंवा हलणारे जंत दिसले तर तें चिन्ह होय. ज्या कोंबडीची शंका असेल ती रात्रीं वर्तमानपत्राच्या कागदावर वेगळी ठेवावी, म्हणजे सकाळीं कोणती विष्ठा कोणाची हा वाद राहत नाहीं.

पांचवी पायरी रात्रीं खुराडें पाहण्याची. ती किती महत्त्वाची आहे हें आमच्या आळींत घडलेल्या एका गोष्टीवरून सांगतों. शेजारच्या एका बाईंकडे अकरा कोंबड्या होत्या. त्यांतील कांहीं हळूहळू फिक्या पडल्या, अंडीं थांबलीं, एक खुडूक कोंबडी तर अंड्यांवर बसल्या जागीं मेली. रोग पसरला असें समजून, उरलेल्या कोंबड्या शुक्रवारच्या बाजारीं नेऊन विकाव्या असें घरांतील मंडळींनीं ठरविलें. बाई म्हणाल्या, “मास्तर, विकल्या तर चार पैसे हातीं येतील, मेल्या तर तेवढेहि नाहींत.” यावर उत्तर देणें सोपें नव्हतें. त्या पैशांतून मुलीची परीक्षेची फी जावयाची होती.

मीं एवढेंच विचारलें कीं, अकरांपैकीं ज्या चांगल्या आहेत त्या कोणत्या? त्या चार होत्या, आणि त्या चारहि खुराड्यांत न निजतां परसांतील आंब्यावर निजणाऱ्या होत्या. खाद्य एक, पाणी एक, अंगण एक. भिन्न होतें तें निजण्याचें ठिकाण. सांसर्गिक रोग असता तर त्यानें झाडावरच्यांना इतकें नेमकें वगळलें नसतें. रात्रीं नऊच्या सुमारास बॅटरी घेऊन आम्हीं खुराडें पाहिलें. दिवसा स्वच्छ दिसणाऱ्या त्या बांबूच्या फटींतून चपटे गोचीड बाहेर पडले होते आणि कोंबड्यांच्या पायांवर व पंखांखालीं चढत होते. हे गोचीड रात्रीं थोडा वेळ रक्त पिऊन पुन्हां फटींत जातात. दिवसा कोंबडी पाहिली तर मोठा गोचीड अंगावर क्वचितच सांपडतो. रक्त तर ते पितातच, शिवाय एक प्रकारचा घातक तापहि कोंबड्यांत पसरवितात. वर्षभराहून अधिक काळ ते उपाशी राहूं शकतात, म्हणून खुराडें कांहीं दिवस रिकामें ठेवल्यानें कांहींच साधत नाहीं. दुसऱ्या दिवशीं सरकारी दवाखान्यांतील पशुवैद्यांनीं तेंच निदान केलें, एकदोन कोंबड्यांना औषध दिलें, आणि बांबूचें खुराडें जाळावयास सांगितलें. नवें खुराडें भिंतीपासून दूर, चुना लावलेल्या खांबांवर उभें राहिलें. दोन कोंबड्या त्यानंतरहि मेल्या, बाकीच्या वांचल्या. बाजार चुकला, फीचे पैसे बाईंनीं बचतगटांतून घेतले आणि पुढें अंड्यांवर फेडले.

आतां ज्या रोगाचें नांव ऐकून खेड्यांतील बाईच्या पोटांत गोळा येतो, त्या मानमोडीविषयीं सांगितलें पाहिजे. १९२६ सालीं इंग्लंडांत न्यूकॅसल शहराजवळ आणि त्याच सुमारास जावा बेटावर हा रोग ओळखला गेला. त्यानंतर लवकरच हिमालयांतील कुमाऊं भागांत राणीखेत येथें तो आढळला, म्हणून आपल्या देशांत त्याला राणीखेत हें नांव पडलें. तो विषाणूंमुळें होतो. कोंबडी एकाएकीं मलूल होते, हिरवी पातळ हगवण लागते, धाप लागते, घशांतून घरघर येते. जी कांहीं दिवस टिकते तिची मान पिळवटते, पाय किंवा पंख लुळा पडतो. लस न टोंचलेल्या कळपांत बहुतेक सर्व कोंबड्या दगावूं शकतात. रोग जडल्यावर त्याला औषध नाहीं. लसूण, हळद, दारू, माणसांच्या कॅप्सूल, यांपैकीं कशानेंहि विषाणु मरत नाहीं.

उपाय आहे तो आधींचा, म्हणजे लस. क्षीण केलेल्या जंतूंनीं रोगापासून संरक्षण मिळतें हें तत्त्व पाश्चर यांनीं १८८० च्या सुमारास कोंबड्यांच्या कॉलऱ्यावरच प्रथम दाखवून दिलें. मानमोडीची एक लस पिलूं आठवड्याचें होण्याच्या सुमारास डोळ्यांत किंवा नाकांत थेंब टाकून देतात. दुसरी, अधिक बळकट, पिलूं सहाआठ आठवड्यांचें झाल्यावर टोंचतात, आणि पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती पुन्हां द्यावी लागते. पुण्यास औंध येथें राज्य शासनाची संस्था अशा लसी तयार करते. अडचण वेगळीच आहे. लसीच्या एका कुपींत शंभर किंवा त्याहून अधिक मात्रा असतात. कुपी बर्फांत ठेवावी लागते, आणि पाण्यांत कालविल्यावर ती थोड्या तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांच्या धन्यासाठीं कोण कुपी फोडणार? भामरागडच्या वाटेवरील पाड्यांत तर बर्फ पोंचविणें हेंच एक काम. म्हणून लसीचें काम एकट्या घराचें नव्हे, आळीचें आहे. दहापंधरा घरांनीं मिळून एक दिवस ठरवावा, आदल्या रात्रीं कोंबड्या डालून ठेवाव्या, आणि पशुवैद्यास पहांटे बोलवावें. हें रोग येण्यापूर्वीं, उन्हाळ्याच्या तोंडाशीं न चुकतां करावें. आजारी कळपाला लस टोंचून कांहीं साधत नाहीं. उलट त्याच सुईनें रोग या घरांतून त्या घरांत जातो.

आणि येथेंच मला त्या व्यवहारी गृहस्थाची आठवण करून द्यावयाची आहे, जो ‘मरण्याच्या आंत कापा किंवा विका’ असें म्हणतो. गरीब घरच्या बाईनें तसें म्हटलें तर त्यामागें लाचारी असते. सुशिक्षित गृहस्थानें म्हटलें तर मात्र तो केवळ अविचार. मानमोडी गांवोगांव पसरते ती मुख्यतः बाजारांतूनच. बसलेली कोंबडी टोपल्यांतून बाजारीं जाते, तेथें धडधाकट कोंबड्यांशेजारीं बसते, आणि संध्याकाळीं दहा गांवीं रोग पोंचतो. विकत आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवावी असें सांगतात, त्याचें कारण हेंच. बाजारांतून आलेल्या माणसानें खुराड्यापाशीं जाण्यापूर्वीं चपला काढाव्या, हात धुवावे, टोपलें उन्हांत टाकावें.

यापुढील गोष्ट अधिक गंभीर आहे. बर्ड फ्लू हा रोग भारतांत प्रथम फेब्रुवारी २००६ मध्यें आपल्याच राज्यांत, नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें आढळला. जानेवारी २०२५ मध्यें तो ब्रह्मपुरी तालुक्यांतील मांगली गांवच्या कोंबड्यांत आढळला. त्याच्या थोडें आधीं, डिसेंबर २०२४ मध्यें, नागपूरच्या गोरेवाडा केंद्रांत तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूनें दगावले. त्यांतील वाघ चंद्रपूर जिल्ह्यांतून नेलेले होते. तात्पर्य, हा रोग पक्ष्यांपुरता राहत नाहीं, आणि क्वचित् माणसासहि होतो. चेहरा व तुरा सुजून निळा पडणें, अनेक कोंबड्या भराभर मरणें, हीं त्याचीं चिन्हें. पण तीं मानमोडीसारखींच असल्यामुळें नुसत्या डोळ्यांनीं निदान होत नाहीं, तें प्रयोगशाळेंतच व्हावें लागतें. म्हणून एकाहून अधिक कोंबड्या भराभर मरूं लागल्या, कीं आपली तपासणी तेथेंच थांबवावी आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यास किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावें. मेलेला पक्षी उघड्या हातांनीं धरूं नये. तो खाऊं नये, कुत्र्यास टाकूं नये, नाल्यांत तर मुळींच फेंकूं नये. तपासणीसाठीं मागितला तर द्यावा, नाहींतर खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावा. २००९ च्या कायद्यानें असे रोग कळविणें हें धन्याचें कर्तव्यच ठरविलें आहे. कळविलें तर सर्व कोंबड्या मारतील, ही भीति लोकांना वाटते, आणि ती निराधार नाहीं. परंतु सरकारनें मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते, लपविलेल्या रोगानें मेलेल्यांची कोणी देत नाहीं.

तपासणी चालूं असतां काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. बसलेली कोंबडी ताबडतोब वेगळी करावी. तिला सावली, ऊब आणि स्वच्छ पाणी द्यावें. खाईल तर मऊ अन्न द्यावें. आधीं निरोगी कोंबड्यांचें पाणी भरावें, मग आजारी कोंबडीकडे जावें, आणि नंतर साबणानें हात धुवावे. दुकानांतून ऐकीव नांवाचें औषध आणून देऊं नये. त्यानें खरें चिन्ह झांकलें जातें, आणि त्या औषधाचा अंश अंड्यांतून आपल्याच मुलांच्या पोटांत जातो. पशुवैद्यानें औषध दिलें तर अंडीं किती दिवस खाऊं नयेत, हें त्यास आवर्जून विचारावें.

शेवटीं एक सूचना. घरांत भिंतीवर दिनदर्शिका असतेच. तिच्यावर अंडीं किती पडलीं, नवी कोंबडी केव्हां आणली, खाद्य केव्हां बदललें, लस केव्हां दिली, कोण केव्हां बसली, एवढें पेन्सिलीनें टिपून ठेवावें. हें काम घरांतील सातवीआठवीच्या मुलामुलींस द्यावें. तीं तें मोठ्यांपेक्षां नेमानें करतात. कोंबडी आपलें दुखणें सांगूं शकत नाहीं, आणि माणसाची स्मृति चार दिवसांपलीकडे विश्वासार्ह नसते. पशुवैद्य जेव्हां विचारील कीं, ‘केव्हांपासून?’ तेव्हां ‘झाले असतील आठपंधरा दिवस’ असें उत्तर देण्याऐवजीं ती दिनदर्शिका त्याच्यापुढें ठेवावी. इतकें करूनहि कांहीं कोंबड्या जातील. पण ती कां गेली हें कळलें, तर मागें राहिलेल्यांसाठीं काय करावयाचें तेंहि कळतें; आणि आपल्या भिंतीपलीकडे कोणाची तरी पुंजी त्याच अंगणांत दाणे टिपीत असते, तिलाहि त्याचा उपयोग होतो.